खिडकी नंबर तीनचा मतदार

परदेशात शिकत असताना ज्याला घरच्या निवडणुकीत मत द्यायची हौस आहे, त्याने सगळ्यात आधी दोन्ही कान दिसतील असा फोटो काढून घ्यावा. बाकीचं सगळं नंतर. मी हे केलं नाही, म्हणून मला आपल्या वकिलातीच्या तीन फेऱ्या जास्त पडल्या. तिसऱ्या फेरीला खिडकी नंबर तीनमागच्या बाई माझा फोटो उजेडाकडे धरून म्हणाल्या, "अहो, डावा कान कुठाय?" माझ्यामागे रांगेत अकरा माणसं होती. अकराच्या अकरा जणांनी वाकून माझा डावा कान जागेवर आहे का ते पाहून घेतलं. एकाने तर "आहे, आहे" म्हणून बाईंना ग्वाहीसुद्धा दिली. बाई म्हणाल्या, "असेल हो. फोटोत नाही ना."

हे झेंगट मागे लागलं ते बाबांमुळे. बाबा चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते. त्यामुळे ते माझ्याशी फोनवर बोलतात तेसुद्धा जबाब घेतल्यासारखं. तब्येत? बरी. जेवण? झालं. अभ्यास? चालू आहे. की लगेच "आईला देतो." असा आमचा रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपतो. पण त्या रविवारी निवडणूक जाहीर झालेली होती आणि माझी जीभ जरा सैल सुटली. आमचे लोकप्रतिनिधी कसे निकामी आहेत, रस्ता कसा सात वर्षं खणून ठेवलाय, दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाहीत, असं मी पुष्कळ बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला काय त्याचं? तू थोडाच इथे राहणार आहेस?"

"म्हणजे काय? शिक्षण संपलं की येणारच आहे मी."

"सगळे हेच म्हणून जातात. आपल्या गल्लीतून पाच पोरं गेली. कोण आलं?"

"मी त्यांच्यातला नाही."

"मग दे की मत. ज्याला यायचंय तो मत देतो. ज्याला यायचं नाही त्याने रस्त्याची आणि दवाखान्याची चौकशी करू नये. आईला देतो."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. वास्तविक आमच्या मतदारसंघात गेली वीस वर्षं एकच गृहस्थ निवडून येतात आणि यापुढेही, प्रकृती उत्तम असल्यामुळे, तेच येतील. माझ्या एका मताने त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मुद्दा त्यांचा नव्हताच. बाबा मला घरातला धरतात की पाहुण्यांतला, एवढाच मुद्दा होता. तीन वर्षांत मी पाहुण्यांच्या पंगतीत कधी जाऊन बसलो ते मला कळलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, मत देणार. देऊन, त्याची पोच बाबांना पाठवणार.

इथल्या आमच्या भाड्याच्या घरात मी आणि आणखी एकजण अशी दोघंच परदेशी पोरं राहतो. तो करतो रसायनशास्त्र, पण बोलतो कायद्याचं, म्हणून त्याला सगळे घटनातज्ज्ञ म्हणतात. स्वयंपाकघरात तो भांडी विसळत होता. माझा निश्चय ऐकून त्याने नळ बंद केला, हात पुसले, आणि जणू समोर न्यायाधीश बसलेत अशा आवाजात म्हणाला, "टपाली मतपत्रिका हा तुझा हक्क आहे. साधा अर्ज कर. तीन दिवसांत मतपत्रिका दारात."

"तू केला होतास का अर्ज?"

"मी? मी नाही मत देत."

"का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

वय एकतीस, आजवर मतदान शून्य, आणि सल्ला द्यायला सगळ्यांत पुढे. त्याच्या सल्ल्यावर मी विसंबलो यात चूक माझीच आहे, हे मी कबूल करतो. पण त्याचा आवाजच असा आहे की माणूस फसतो.

आमची घरमालकीण खाली राहते. पूर्वी ती सिटी बस चालवायची. त्यामुळे समोरच्याला मध्ये बोलू न देता पुढे जायची सवय तिच्या अंगात भिनलेली आहे. राहत्या पत्त्याच्या दाखल्यावर तिची सही हवी होती म्हणून मी गेलो, तर तिने चष्मा लावून सबंध कागद वाचला.

"तू तिथे राहत नाहीस, मग तिथे मत कशाला देतोस?"

मी म्हटलं, "कारण माझं घर तिथे आहे."

"आणि राहतोस इथे, मग इथे का नाही देत?"

"इथे देता येत नाही. मी इथला नाही."

"म्हणजे तू कुठलाच नाहीस," असं म्हणून तिने सही केली आणि कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला निघून गेली. बाईच्या मनात वाईट काही नव्हतं, पण जिन्यावरून वर जाताना मला ते वाक्य पायरीपायरीला बोचत होतं.

आता अर्ज. अर्ज नऊ पानी होता आणि तीन प्रतींत भरायचा होता. तो वकिलातीच्या संकेतस्थळावर फक्त कचेरीच्या वेळेत उघडायचा, आणि ही कचेरीची वेळ म्हणजे आपल्याकडची, इथली नव्हे. म्हणजे इथे मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवत असायचो तेव्हा. चार दिवस मी नळ्या अर्धवट टाकून पळालो. पाचव्या दिवशी अर्ज उघडला. त्यात अर्जदाराचा प्रकार विचारलेला होता: सैनिक, कैदी किंवा विद्यार्थी. तिघांना एकाच रांगेत बसवणारा माणूस स्वतः शिकलेला असणार यात शंका नाही. पुढच्या पानावर घराचा नंबर. नगरपालिकेने मध्यंतरी सगळ्या घरांचे नंबर बदलले, पण जुनेही रद्द केले नाहीत, त्यामुळे आमच्या घराला दोन नंबर आहेत आणि पोस्टमन दोन्ही मानत नाही. मी दोन्ही लिहिले. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, एकच लिहा. मी एक खोडला. बाई म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही. नऊ पानं, तीन प्रती, पुन्हा पहिल्यापासून.

एक मात्र खरं सांगतो. वकिलातीत गेलं की मला अगदी घरी गेल्यासारखं वाटायचं. दोरीने बांधलेलं पेन, त्यात शाई नाही. "चौकशी करू नये" अशी पाटी चौकशीच्या खिडकीवर. आणि माझा नंबर आला की बरोब्बर बाईंची जेवणाची वेळ. जे लोक घरच्या आठवणीने परदेशात झुरतात त्यांनी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन उभं राहावं, आठवण येणं बंद होतं.

कान असलेला फोटो लागला, घराचा एकच नंबर लागला, तेव्हा बाईंनी पुढचं काढलं. "साक्षीदार कुठाय? तुमच्याच मतदारसंघातला, तुम्हाला पाच वर्षं ओळखणारा, नातेवाईक नसलेला आणि सध्या याच शहरात राहणारा."

असा मनुष्य जगात एकच होता आणि त्याचं तोंड पाहायचं नाही असं मी दहावीतच ठरवलं होतं. शाळेत त्याला झेंडा म्हणायचे, कारण तो चौदाव्या वर्षापासून आमच्या त्या वीस वर्षं निवडून येणाऱ्या गृहस्थांचा झेंडा घेऊन मिरवणुकीत पुढे असायचा. आता तो या शहरात फरशा आणि न्हाणीघराच्या सामानाच्या दुकानात नोकरी करत होता. मी नाक मुठीत धरून गेलो. दुकानात बसायला खुर्ची नव्हती, म्हणून त्याने मला विक्रीसाठी मांडलेल्या एका कमोडवर बसवलं आणि स्वतः समोर उभा राहिला.

"सही करतो की! सहीचं काय एवढं? पण मत कुणाला देणार ते आधी सांग."

"अरे, ते गुप्त असतं."

"माझ्यापासून काय गुप्त? एका बाकावर बसलोय आपण."

"तुमच्याच माणसाला," मी म्हणालो.

"मोठ्याने म्हण."

"झेंड्या, गिऱ्हाईकं बघतायत."

"बघू दे. त्यांना काय कळतंय? घोषणा दे एक आपल्या साहेबांची. मग सही."

मी, रेणूंच्या रचनेवर चार शोधनिबंध लिहिलेल्या माणसाने, कमोडवर बसून हात वर करून घोषणा दिली. एक जोडपं टाइल बघत होतं, ते दुसऱ्या दालनात निघून गेलं. झेंड्याने डोळे पुसले, खरंच पुसले, सही केली, आणि वर मला मिठी मारून म्हणाला, "परक्या देशात आपला माणूस भेटला की बरं वाटतं रे." त्या मिठीत मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी घोषणा देताना नव्हती वाटली.

राहिलं विद्यापीठाचं पत्र. अर्जदाराचं इथलं वास्तव्य तात्पुरतं आहे, असं विभागप्रमुखांनी लिहून द्यायचं होतं. आणि इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी घरी सांगितली नव्हती. वर्षभरापूर्वी आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला विचारलं होतं, शिक्षण संपल्यावर इथेच शिकवशील का? मी हो म्हणालो होतो. सही पण केली होती. एक-दोन वर्षं करू आणि जाऊ, असं मी स्वतःची समजूत घालत होतो. करारावर पाच लिहिलेलं होतं, आणि पाचनंतर कायम करण्याविषयी एक परिच्छेद होता, तो मी दोनदा वाचला होता, आवडीने.

"नोकरीचा उल्लेख करू ना पत्रात?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं. "अभिमानाची गोष्ट आहे."

"नको."

"का?"

"आमच्याकडे असं लिहायची पद्धत नाही," मी ठोकून दिलं. त्या बिचाऱ्यांनी परक्या संस्कृतीचा मान राखायचा म्हणून मान डोलावली आणि 'तात्पुरते वास्तव्य' असं लिहून सही केली. मी पत्राची घडी घातली. बाबांच्या मुलाने सरकारी कामात पहिल्यांदा खोटा कागद लावला, तो असा.

अखेर अर्ज घेतला गेला. बाईंनी तीनही प्रतींवर शिक्के मारले. ते शिक्के पडताना मला जे वाटलं ते पदवी घेताना वाटलं नव्हतं.

"आता मतपत्रिका कधी?"

"आधी चौकशी होईल ना. हा अर्ज तुमच्या गावी जाणार. तिथला अधिकारी घरी जाऊन विचारपूस करतो, जबाब घेतो, मग पुढे."

मला तर आनंदच झाला! म्हणजे पोच मला पाठवायलाच नको. सरकारी माणूस स्वतः आमच्या दारात उभा राहून बाबांना सांगणार की तुमच्या चिरंजीवांनी सातासमुद्रापलीकडून मताचा अर्ज केलाय. बाबा त्याला पाणी देतील, खुर्ची देतील, आणि ऊर भरून येईल त्यांचा. मी हे दृश्य घटनातज्ज्ञाला दोनदा वर्णन करून सांगितलं. तो म्हणाला, "लोकशाहीचा विजय." आणि माझ्या वाटणीची भांडी न घासता झोपायला गेला.

पुढच्या रविवारी फोन आईने घेतला. बाबा बाहेर गेलेत म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही बाबा बाहेर. "हल्ली फार फिरायला लागलेत," आई म्हणाली. मी चौकशीचा अधिकारी आला होता का विचारलं, तर तिला काही माहीत नव्हतं. मधे चार दिवस ती मावशीकडे गेली होती.

मग वकिलातीतून निरोप आला, येऊन जा. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मतपत्रिका चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्याचं पाकीट घेतलं. घटनातज्ज्ञाने दारापर्यंत येऊन माझ्याशी हस्तांदोलन केलं, आणि घरमालकिणीने खिडकीतून हात केला, कारण एव्हाना सगळ्या घरालाच माझं मत ठाऊक झालं होतं.

बाईंनी खिडकीखालून जो कागद सरकवला ती मतपत्रिका नव्हती. "आपले नाव मतदार यादीतून वगळण्यात आले आहे. कारण: कायमचे स्थलांतर. आधार: कुटुंबप्रमुखाचा जबाब."

"बाई, काहीतरी घोटाळा आहे. दुसऱ्या कुणाचा तरी कागद आहे हा."

त्यांनी मागचं पान उलटून दाखवलं. बाबांचं अक्षर मी लांबून ओळखतो. शाळेच्या माझ्या प्रत्येक वहीवर माझं नाव त्यांनी घातलेलं आहे. त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "अर्जदार माझा मुलगा. वय एकोणतीस. शिक्षणासाठी परदेशी. तो परत राहावयास येईल असे मला वाटत नाही. हा जबाब मी पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने लिहून दिला आहे." खाली सही आणि तारीख.

मी ते तीनदा वाचलं. मागची माणसं घसे खाकरायला लागली.

"समजा, मी अर्जच केला नसता तर?" मी विचारलं.

"तर कशाला कोण विचारायला गेलं असतं?" बाई म्हणाल्या. "राहिलं असतं की नाव यादीत. कितीकांची आहेत." मग माझा चेहरा बघून त्या पहिल्यांदाच जरा हळू बोलल्या. "हरकत घेता येते. हा कागद घ्या. परत येण्याची तारीख लिहायची, आणि वडिलांनी जबाब मागे घेतला असं त्यांच्याकडून लिहून आणायचं. मुदतीला आजचा-उद्याचाच दिवस आहे."

बाहेरच्या बोळात एक बाकडं होतं, त्यावर बसून मी फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून बाबांनी घेतला.

"हे काय लिहून दिलंत तुम्ही?"

"मिळाला वाटतं कागद."

"नाव काढलं माझं! तुमच्या एका ओळीने! महिनाभर मी काय काय केलं ते तुम्हाला माहितीये? माणसाची किती अब्रू जावी बाबा एका मतासाठी?" माझा आवाज चढला होता. शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडे गेला.

"त्याने विचारलं, मुलगा परत येणार का? मी म्हटलं, वाटत नाही. सरकारी कागद होता. त्यावर काय खोटं लिहू?"

"पण मी येणार नाही हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. पूर्वी तू दर फोनला म्हणायचास, आल्यावर बघू. नळ गळतोय म्हटलं की, आल्यावर बघतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, आल्यावर करू. वरच्या खोलीला रंग, आल्यावर देऊ. गेलं वर्षभर तू ते म्हणत नाहीस. आता म्हणतोस, कुणालातरी बोलवा आणि करून घ्या."

रागवायला आलेला माणूस मी, राग कुठे ठेवावा तेच कळेना.

"हे बघ," बाबा म्हणाले, "माझी चूक होऊ शकते. झाली असेल तर मला आनंदच आहे. तू तारीख सांग. मी हा असा निघतो, कचेरीत जातो, लिहून देतो की माझा अंदाज चुकला, मुलगा येतोय. महिना, वर्ष, काय असेल ते सांग. थांब, पेन घेतो." पेन घेतल्याचा, टेबलावर कागद ओढल्याचा आवाज आला. "हं. सांग."

मांडीवरच्या हरकतीच्या कागदावर तारखेसाठी चौकोन होते. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. खोटा कागद लावायची मला आता सवय झाली होती, पण तो बाईंकडे लावणं वेगळं. इथे बाबा स्वतः लिहून घेणार होते.

"ऐकू येतंय ना?" बाबा म्हणाले.

"येतंय."

"बरं," ते म्हणाले. पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "राहू दे. आई आलीये, तिला देतो."

आई धापा टाकत फोनवर आली. "काय रे, आज कसा काय फोन? झालं का तुझं ते मत देऊन?"

"झालं, आई."

"बाई गं! छान झालं. कुणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं."

"अहो, ऐकलंत का," आई तोंड बाजूला करून ओरडली, "दिलं म्हणे त्याने मत!"

मागून बाबांचा आवाज आला, "हो. मला सांगितलं त्याने."